टायरांची हजामत

आता तुम्ही म्हणाल, टायर म्हणजे टायर. काळे, गोल, रबराचे. चार बसवले, हवा भरली, निघालो. असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मधवाल्या वहिनींबरोबर टायर घ्यायला जाऊन बघावं. त्या टायरवाल्याला विचारा हवं तर. त्या दिवसाचा विषय निघाला की तो अजूनही आधी कपाळाला हात लावतो आणि मग पोट धरून हसतो.

वहिनी म्हणजे सगळ्या गल्लीच्या वहिनी. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणतात आणि त्यांच्या नवऱ्याला दादा. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या रांगेनं मांडलेल्या. दादा मनानं चांगले, पण नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत, आणि धंदा नेमका माश्यांचा! त्यामुळे पेट्या उघडणं, पोळी तपासणं, कुठली राणी नीट अंडी घालतेय आणि कुठली आळशी निघालीय ते बघणं, हे सगळं वहिनींकडे. दादांकडे गाडी, गिऱ्हाईक आणि बोलणं. लोक मात्र म्हणायचे, "दादांच्या माश्या." वहिनींनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

दरवर्षी खालची फुलं संपायला आली की डोंगरावरचा माळ फुलायचा. पांढराशुभ्र, नजर पोचेल तिथवर. मग पेट्या पिकअपच्या हौद्यात चढवायच्या, घट्ट बांधायच्या आणि वर न्यायच्या. वर्षाच्या मधातला मोठा वाटा त्या माळावरचा. गाडी दादा चालवायचे. वहिनी मागे हौद्यात, पेट्यांच्या शेजारी पोत्यावर बसून, एकेका पेटीला कान लावत जायच्या. आतला आवाज चढला की पुढच्या काचेवर थाप मारायची, गाडी थांबवायची, माश्या शांत झाल्या की पुन्हा निघायचं.

यंदा दादांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लच दाबायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दादांनी पलंगावर पडल्या पडल्या निकाल देऊन टाकला.

"यंदा पेट्या धाकट्याला देऊन टाकू. त्याच्याकडे मोठी गाडी आहे, जागा आहे. रविवारी येतो म्हणालाय न्यायला."

वहिनींच्या हातातला पेला हातातच राहिला. "यंदापुरत्याच ना?"

"बघू," दादा म्हणाले.

हे 'बघू' वहिनी लग्नापासून ऐकत आल्या होत्या. दादांनी 'बघू' म्हटलेली गोष्ट पुन्हा कधीही कुणाच्या दृष्टीस पडलेली नाही. पेट्या एकदा धाकट्या दिरांच्या आवारात गेल्या की परत कशाला येतात? आणि पेट्या गेल्या की मागच्या दारातून बाहेर पडायचं तरी कशासाठी?

"मी नेते," त्या म्हणाल्या.

"तू? डोंगरावर?"

"गावभर बरण्या पोचवायला गाडी कोण नेतं?"

"अगं, बरण्या पोचवणं वेगळं. आणि ते टायर बघितलेस का? पाटीसारखे गुळगुळीत झालेत. त्या टायरांवर मीसुद्धा वर गेलो नसतो."

"मग नवे टायर घालते."

"टायर तू निवडणार?" शेंबड्या पोराला 'तू विमान चालवणार?' म्हणून विचारावं, तसं दादांनी विचारलं. आणि मग हसून, अगदी उदार होऊन म्हणाले, "बरं बाई. रविवारच्या आत गाडी तयार झाली तर तू ने. नाही झाली तर धाकटा नेईल. ठरलं?"

"ठरलं," वहिनी म्हणाल्या. दादांना वाटलं, विषय मिटला. एवढी वर्षं संसार करून माणूस इतका कसा चुकतो, मला तर कमाल वाटते!

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पिकअप घेऊन टायरवाल्याच्या दारात हजर. दुकान म्हणजे पत्र्याची लांब शेड, छतापर्यंत टायरांच्या चळती, मधे हवा भरायचं यंत्र सारखं फटफटतंय, कोपऱ्यात पंक्चर शोधायची पाण्याची टाकी, त्यातलं पाणी काळंकुट्ट. नव्या रबराचा वास असा की थेट डोक्यात जावा. वहिनींना तो वास आवडला. कधी नव्हे ते नवं काही घ्यायला आल्या होत्या ना! त्या गाडीला आजवर नेहमी जुनेच, पुन्हा नक्षी चढवलेले टायर बसले होते.

"या वहिनी," टायरवाला म्हणाला. "दादांनी काय सांगितलंय, कुठले घालायचे?"

"दादांनी काही सांगितलेलं नाही. मी सांगणार आहे. आणि तू मला दाखवणार आहेस."

टायरवाल्यानं कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा कानामागे ठेवली. मग वहिनींनी त्याला रस्ता सांगितला. आधी लांबलचक डांबरी. मग खडीचा चढ, दगड असे की टायरची कड फाडतील. आणि सगळ्यात वर, माळाच्या अलीकडे, झऱ्याचं पाणी झिरपून कायम ओला असलेला चिकणमातीचा चढ.

"मग यात विचार कसला करायचा?" टायरवाल्यानं एक भला दांडगा टायर पुढे लोटला. त्याच्या खाचांत वहिनींची अख्खी मूठ मावत होती. "हा चिखलाचा राजा. हत्ती बसवा गाडीत, हत्ती वर नेईल."

"हत्ती नाहीत हो, माश्या आहेत माझ्याकडे," वहिनी म्हणाल्या. "याचा डांबरीवर आवाज किती येतो?"

"आवाज येणारच की थोडा."

"थोडा म्हणजे किती? मला ऐकव."

टायरवाला हसला. गिऱ्हाईक टायर दाबून बघतं, लाथ मारून बघतं, भाव पाडून बघतं. ऐकून बघणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. वहिनींनी पिकअपमधून एक रिकामी पेटी काढली. आत माश्या नव्हत्या, नुसत्या जुन्या पोळ्यांच्या चौकटी होत्या. टायरवाल्याच्या स्वतःच्या गाडीला तेच चिखलाचे राजे बसवलेले होते. वहिनी पेटी घेऊन त्या गाडीच्या हौद्यात चढल्या, पदर खोचला, पेटीला कान लावला आणि म्हणाल्या, "चल, घे डांबरीवर."

रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. भर सकाळी एक बाई गाडीच्या हौद्यात बसून लाकडी पेटीला कान लावून चाललीय, डोळे मिटलेले, तोंडानं 'जरा जोरात घे, जरा जोरात.' गाडीनं वेग घेतला आणि टायर असे घुमायला लागले की आतल्या चौकटी थरथर कापू लागल्या. वहिनींच्या दातांपर्यंत ती घरघर पोचली. त्यांनी धाडधाड काचेवर थाप मारली.

"अरे बाबा, याच्यावर माश्या नेल्या तर वर पोचेपर्यंत वेड्या होतील त्या! हा राजा तुझ्याकडेच राहू दे."

मग एका भाजीवाल्याची पिकअप पंक्चर काढायला आली होती, तिला साधे रस्त्याचे टायर होते. वहिनी तिच्यातही चढल्या. भाजीवाला 'अहो बाई, अहो बाई' करत राहिला. ते टायर लोण्यासारखे चालले, पण दुकानामागच्या चिखलात घातल्याबरोबर जागच्या जागी फिरत बसले. भाजीवाल्याला ढकलून बाहेर काढावं लागलं आणि त्याची पाटलोण गुडघ्यापर्यंत भरली.

आता टायरवाल्यालाच चेव चढला. त्याचं निम्मं दुकान काम सोडून दारात उभं! "वहिनी, तुम्हाला हवा ऑल टेरेन," तो म्हणाला. "डांबरी, खडी, चिखल, तिन्हीकडे चालणारा. पण त्यातही दोन जाती आहेत. हा बघा, याच्या नक्षीचे ठोकळे सगळे एका मापाचे, त्यामुळे एकसारखा सूर धरतो. आणि हा बघा, याचे ठोकळे लहानमोठे, मुद्दाम. एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळून जातो, घुमत नाही." हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता, जणू ते ठोकळे त्यानं स्वतःच्या हातानं कोरलेत. त्याला तरी हे ऐकून घेणारं कोण भेटत होतं एरवी?

दोन्ही ऐकून झाले. दुसरा बसवलेल्या गाडीत वहिनी पेटीला कान लावून दूरवर जाऊन आल्या आणि उतरल्या त्या लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवतच. "हाच! हाच हवा!" मग त्यांनी टायरची बाजू अंगठ्यानं दाबून बघितली, चांगली जाड होती. एक माप मोठे घाला, गाडी रुबाबदार दिसेल, असं टायरवाला म्हणाला, तेव्हा त्यांनी हात जोडले. "गाडी उंच होईल रे. त्या रुबाबात पेट्या कोण चढवणार, तू?"

नव्या टायरांवर वहिनी घरी आल्या त्या गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवतच. दादा काठी टेकत बाहेर आले. चारही टायरांभोवती फिरले, खाचेत नख घालून बघितलं, वाकून आतली बाजू बघितली. आता यात खोट काढायची कशी, हा मोठाच प्रश्न पडला.

"जाड नक्षीचे घ्यायला हवे होतेस," शेवटी म्हणाले आणि आत गेले. वहिनी खुशीत होत्या, त्यांनी मनावर घेतलं नाही.

शनिवारी संध्याकाळी खरा गोंधळ झाला.

पहाटे निघायचं म्हणून वहिनींनी पिकअप उलटी घेत पेट्यांच्या रांगेला नेऊन भिडवली. उतरल्या, आणि बघतात तो काय! पहिल्या पेटीतून पहारेकरी माश्या सुसाट बाहेर निघाल्या आणि तीरासारख्या मागच्या टायरवर तुटून पडल्या. मग दुसऱ्या पेटीतल्या. बघता बघता टायर माश्यांनी भरला. नांग्या मारताहेत, रबरात अडकताहेत, खाली पडताहेत.

"अगं बाई! अगं माझ्या बायांनो, काय झालं तुम्हाला!" वहिनींनी धावत जाऊन गाडी पुढे काढली. मग तोंडावर जाळी ओढून टायरवरून बोट फिरवलं. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

नव्या टायरला रबराचे बारीक बारीक केस असतात. साच्यातून निघताना राहून गेलेले, सगळ्या अंगभर, ताठ उभे. काळं आणि केसाळ! मध चोरायला येणारं जनावर म्हणजे मधमाशीच्या लेखी काळं आणि केसाळच. पेट्यांजवळ काळा लोकरी स्वेटर घालून आलेल्या माणसाला वहिनींनी आजवर उभं केलं नव्हतं. सख्ख्या भावाला हाकललं होतं त्यापायी. आणि त्याच वहिनींनी चार चार काळी केसाळ धुडं स्वतःच्या हातानं, हॉर्न वाजवत, पेट्यांच्या दारात आणून उभी केली! टायरचा आवाज ऐकला, चिखल बघितला, बाजू दाबली, पण माशीच्या डोळ्यांनी टायर बघायचा राहून गेला. वहिनी पायरीवर बसल्या. समोर मातीत मेलेल्या माश्या पडल्या होत्या.

दादा दारात आले होते. त्यांनी सगळं बघितलं. "राहू दे," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता, ते जास्त लागलं. "प्रयत्न केलास. उद्या धाकटा येतोच आहे."

वहिनी मेलेल्या माश्या एकेक करून तळहातावर वेचायला लागल्या.

तेवढ्यात लेक कामावरून आली. ती ब्युटी पार्लरमध्ये कामाला. तिनं आईचा चेहरा बघितला, टायर बघितला, काय झालं ते ऐकलं आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"आई, केसच आहेत ना? मग काढू की! दिवसभर मी दुसरं काय करते?"

"टायरची हजामत करणार?" दादा ओरडले.

"त्यात काय? हे निदान 'फार बारीक केलेस' म्हणून भांडणार तरी नाहीत."

गाडी शेडमध्ये घेतली, दिवा लावला. लेकीनं पिशवीतून केस कापायचं मशीन काढलं आणि पहिल्या टायरला भिडली. वहिनींनी कात्री घेतली. मशीन रबरावर करकरायला लागलं आणि काळे केस पायाशी भुरभुर पडायला लागले. वहिनींना आधी रडू येत होतं. त्यातच मधेच हसू फुटलं, ते थांबेना. लेक टायरला विचारत होती, "काय साहेब, कल्ले ठेवायचे का?" दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या.

दादा दारातून बघत होते. त्यांना हसू येत नव्हतं, पण दुसरंच काहीतरी होत होतं. अर्धवट काम त्यांना मुळात बघवत नाही. "अगं, तिथं राहिलेत. खाचेच्या कडेला. ते बघ. अगं ते बघ ना!" शेवटी राहवेना. आत गेले, स्वतःचा दाढीचा वस्तरा घेऊन आले, स्टूल ओढलं, दुखरा पाय लांब केला आणि टायरला भिडले. आणि काय हात होता माणसाचा! गालावरून फिरवावा तसा वस्तरा फिरवत होते, वर बोटानं चाचपून बघत होते. "हं. आता याला नवरदेव म्हणून उभा करा."

केस गेले तरी रंग काळाच आणि वासही होताच. मग वहिनींनी तळ्याकाठची पिवळी माती भिजवून आणली आणि बाजूंना, खाचांत, सगळीकडे चोपडली. नव्याकोऱ्या टायरांना चिखल फासलेला बघून दादांचा जीव तीळ तीळ तुटला, पण त्यांनी ब्र काढला नाही. उलट एक राहिलेली जागा काठीनं दाखवली.

उजाडता उजाडता, माश्या बाहेर पडायच्या आत, वहिनींनी गाडी पुन्हा पेट्यांना भिडवली. लेक श्वास रोखून उभी. पहिल्या पेटीच्या दारात दोन पहारेकरी आल्या, हवेत एक फेरी मारली, मातकट टायरवर बसल्या, दोन पावलं चालल्या आणि परत घरात गेल्या.

"पसंत पडले!" लेक आनंदानं उडीच मारणार होती, वहिनींनी तिचा दंड धरला. दारं बंद केली, मायलेकींनी फळीवरून पेट्या वर चढवल्या, दोर आवळले. निघताना लेक मागे हौद्यात पोत्यावर बसली आणि दादा न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसले. म्हणाले, रस्ता दाखवतो. जसं काही त्या रस्त्यावर वहिनी पहिल्यांदाच जात होत्या.

डांबरीवर टायर असे शांत चालले की दादांना स्वतःच्या मनातलं ऐकू येत असणार. ते मधूनमधून डावा पाय उचलून नसलेला क्लच दाबायचे आणि दुखलं की 'आई गं' म्हणायचे. खडीच्या चढावर दगड टायरखालून उडत होते, पण कडा दाद देत नव्हत्या. वहिनींच्या ओठांवर गाणं होतं.

मग तो चिकणमातीचा चढ आला. चकाकत होता मेला. वहिनी उतरल्या, चारही टायरांची थोडी थोडी हवा सोडली, परत बसल्या.

"आता थांबू नकोस," दादा म्हणाले. "लांबून पळवत आण आणि एका दमात वर काढ. मी तसंच करतो."

"तुम्ही तसंच करता आणि मागे पेट्या आपटतात, ते मी मागे बसून बघितलंय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि मुंगीच्या पावलानं चढायला सुरुवात केली.

मधोमध मागचं चाक घसरलं. गाडीची पाठ दरीच्या बाजूला सरकली. दादांनी दोन्ही हातांनी दरवाजा धरला. वहिनींनी ना ब्रेक मारला ना वेग वाढवला. स्टिअरिंग एवढंसं वळवलं आणि वाट बघितली. टायर एकदा फिरला, पुन्हा फिरला, चिखल मागे उडाला आणि खाचांनी खालची घट्ट माती धरली. पकडलं! गाडी कण्हत, कुंथत, इंच इंच वर आली, आणि पुढचं नाक खाली झालं तसा समोर सगळा माळ उघडला. पांढरा, पांढरा, पांढरा!

"चढली!" वहिनी किंचाळल्या. "अहो, चढली!" त्यांनी दादांचा खांदा धरून गदागदा हलवला. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला असं कधी हलवलं नव्हतं. दादा हलले.

खाली उतरून वहिनींनी पहिल्या पेटीला कान लावला, बोटानं टकटक केली. आत एकदा घूं झालं आणि लगेच विरलं. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. एरवी वर आल्यावर इतका संताप असायचा की धूर केल्याशिवाय पेटीच्या जवळ जाता यायचं नाही. दादाही लंगडत मागे आले आणि त्यांनी एका पेटीला कान लावला. बराच वेळ लावून उभे राहिले.

मायलेकींनी पेट्या उतरवून मांडल्या आणि वहिनी एकेकीचं दार उघडत निघाल्या, तेवढ्यात दादांच्या खिशातला फोन वाजला. धाकटा भाऊ. तो इतका मोठ्यानं बोलायचा की पलीकडच्या वहिनींनाही ऐकू येत होतं.

"दादा, मी गाडी घेऊन आलोय, इथं एकही पेटी नाही! तू मला पेट्या देणार होतास ना?"

"होतो खरा," दादा म्हणाले.

"मग?"

दादांनी मान वर करून बघितलं. समोर वहिनी पाठमोऱ्या, वाकून पेटीचं दार उघडत होत्या. माश्या बाहेर पडून त्यांच्या डोक्याभोवती घिरट्या घालत फुलांकडे निघाल्या होत्या.

"माझ्या असत्या तर दिल्या असत्या रे," दादा म्हणाले. "पण त्या तुझ्या वहिनीच्या आहेत. हव्या असतील तर तिला विचार. देईल असं मला वाटत नाही."

वहिनी वळल्या नाहीत. तशाच वाकून, उघडलेलं दार पुन्हा पुन्हा उघडत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि धुराचं निमित्त सांगावं, तर त्या दिवशी धूर करायची वेळच आली नव्हती.